चार नंबरच्या जिनीचा पट्टा

माझ्या दारात जो येतो तो तयार इमारत घेऊन येतो. छप्पर, खिडक्या, दारावरची पाटी, सगळं जागच्या जागी. टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, आता फक्त यात थोडं फिरेल असं करून द्या." फक्त आणि थोडं, हे दोन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, घर बांधून, रंग देऊन, गृहप्रवेश उरकल्यावर कोणी पाया खणायला माणूस बोलावतं का? पुसदचे एक गृहस्थ तर देऊळ घेऊन आले होते, कळसापर्यंत गोंदानं चिकटवलेलं. आत दांडी घालायला सुईएवढी जागा नाही. मी म्हटलं, हे फोडावं लागेल. तर ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी खरंच देऊळ फोडायला निघाले आहे.

तर माझा धंदा असा. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची जी इमारत असते, तिच्या पोटात गिअरची यंत्रणा बसवून द्यायची. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे, पवनचक्कीचं पातं, बसस्थानकातून बाहेर पडणारी बस, असलं काहीही. यवतमाळला माझ्या घराची पुढची खोली म्हणजे कारखाना. पाहुण्यांना मी मागच्या दारानं आत घेते, कारण अनवाणी पायाखाली ठोकळा आला की भला माणूसही तोंड सोडतो.

याआधी तीस वर्षं मी आयटीआयत मशिनिस्ट ट्रेडला शिकवत होते. गिअर कापायला शिकवायचं, आणि दाखवायचे गिअर स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद. चावी ज्यांच्याकडे ते कायम रजेवर. अर्ज करून थकले. शेवटी नागपूरहून ठोकळ्यांचा एक डबा आणला, त्यात दातेरी चाकं होती. वर्गात टेबलावर मांडला तर मुलं पहिल्या दिवशी खिदळली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना गिअर कळला. निवृत्तीनंतर लोक मला गिअरसाठी विसरले आणि ठोकळ्यांसाठी ओळखू लागले. याचं वाईट वाटून घ्यायचं की बरं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला धंदा कळावा म्हणून थोडं सांगते. मोटर फार घाईची असते. तिचा वेग तसाच चाकाला दिला तर घड्याळाचे काटे पंख्यासारखे फिरतील. म्हणून आठ दात्यांच्या छोट्या चाकानं चोवीस दात्यांचं मोठं चाक फिरवायचं. छोटं तीनदा फिरेल तेव्हा मोठं एकदा फिरेल. वेग उतरतो, जोर चढतो. अशा दोन-तीन जोड्या लावल्या की मोटर माणसात येते. पण प्रत्येक जोडीला दिशा उलटते. शेवटी पवनचक्की उलटी फिरली तर दिशा सुधारायला आणखी एक चाक लागतं, आणि त्याला जागा नसते, कारण तिथे तुमची सुंदर खिडकी असते. शिवाय ही प्लास्टिकची दांडी जोर आला की आतल्या आत पीळ खाते. इकडे मोटर फिरतेय, तिकडे काही हलत नाही, आणि मग एकदम झटका बसतो.

त्या झटक्यानं एकदा माझी पुरती शोभा केली. उमरखेडकडच्या एका शाळेनं आपल्या इमारतीचं मॉडेल करवून घेतलं होतं. बटण दाबलं की गच्चीवर शाळेचा झेंडा वर चढणार. मी सांगत होते, खांब आखूड ठेवा. नाही, खांब उंचच पाहिजे. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांनी बटण दाबलं, झेंडा निघाला आणि बरोबर अर्ध्यावर थांबला. आत दांडी पिळली होती. सभागृहाला वाटलं, दुखवट्याचा झेंडा आहे. मग एक वयस्कर शिक्षक हळूच उठून उभे राहिले, त्यांना पाहून बाकीचेही उभे राहिले, आणि कोण गेलं ते कोणालाच माहीत नसताना सगळ्यांनी मान खाली घातली. मी मागच्या रांगेत कपाळाला हात लावून बसले होते.

अशा गिऱ्हाइकांत प्रल्हादराव पहिल्याच भेटीत आवडले, कारण ते रिकाम्या हातानं आले. दिग्रसहून एसटीनं. सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "जय भीम मॅडम," म्हणाले आणि पिशवीतून दुमडलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं एका जिनिंग फॅक्टरीचा नकाशा होता. फुटाइंचाची मापं, खांब, खिडक्या, मशिनींना नंबर. तो त्यांनी आठवणीतून काढला होता, कारण फॅक्टरी कधीच बंद पडली. तिथे आता नुसती गोदामं आहेत. या फॅक्टरीत ते हेड मिस्त्री होते.

"मले ही जिन पाह्यजे मॅडम. चालनारी."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी यंत्र आधी आणि भिंती मागून, असा आला होता. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं मशीन. चामड्याचे दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरतात, रुई ओढून घेतात, सरकी खाली पडते. जुन्या फॅक्टरीत अशा जिनी वरच्या मजल्यावर ओळीनं असत, आणि खाली तळघरात एक लांबलचक शाफ्ट फिरत असे. शाफ्टवरून प्रत्येक जिनीला एकेक रुंद पट्टा जमिनीतल्या खाचेतून वर गेलेला. वर बाया उभ्या राहून जिनीत कापूस टाकत.

महिनाभरात मी सहा जिनींची फॅक्टरी उभी केली. तळघराची उंची जेमतेम पाच ठोकळे. त्यात शाफ्ट बसवला, कोपऱ्याकोपऱ्यांत तिरप्या दात्यांची चाकं देऊन प्रत्येक जिनीला उभी दांडी वर नेली, रुळांना सारख्या दात्यांची दोन चाकं जोडली म्हणजे ते आपोआप उलटसुलट फिरतात. पट्ट्यांची भानगडच ठेवली नाही. बटण दाबलं की बाराही रूळ एका सुरात. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम आधी झालं नव्हतं. प्रल्हादरावांनी चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"मॅडम, हे तं हातातली घडी झाली. आमची जिन अशी नोती. यातली एक थांबवायची तं कशी थांबवता?"

"बटण बंद करायचं."

"मंग साऱ्या थांबतीन. मले चार नंबरची थांबवायची हाये."

मग त्यांनी मला समजावलं. मी गिअरची माणूस, पट्ट्याचं शिक्षण मला सत्तरीच्या माणसाकडून मिळालं. प्रत्येक जिनीवर शेजारी-शेजारी दोन पुल्या असत. एक जिनीच्या आसाला घट्ट बसवलेली, दुसरी मोकळी. पट्टा घट्ट पुलीवर असला की जिन चालते. तो शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवला की पुली नुसती फिरत राहते आणि जिन उभी राहते. सरकवायला एक लाकडी दांडा असे, पट्ट्याला दोन बोटांत धरल्यासारखा. दांडा एका खाचेत इकडून तिकडे जाई. पट्टा सरकवायचं काम मिस्त्रीचं.

"तेवढ्यासाठी सगळं उचकून पट्टे टाकू?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार.

"पट्ट्याचंच तं सारं हाये मॅडम," ते म्हणाले, आणि मग त्यांनी खरं काय ते सांगितलं.

चार नंबरच्या जिनीवर त्यांची मेहुणी काम करायची. कौसल्या, त्यांच्या बायकोची, सुमीची, धाकटी बहीण. त्यांनीच तिला कामाला लावलं होतं. पस्तीसेक वर्षं झाली असतील. एक दिवस जिनीत रुई अडकली. त्यांनी पट्टा मोकळ्या पुलीवर घेतला, जिन उभी राहिली, कौसल्येला म्हणाले, काढ, आणि स्वतः पुढच्या जिनीवर गेले. तिनं हात घातला आणि जिन सुरू झाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. सगळी फॅक्टरी म्हणाली, मिस्त्रीनं न पाहता पट्टा टाकला. चौकशी झाली, तीत काही ठरलं नाही, पण लोकांचं ठरलं. कौसल्या त्या दिवसापासून त्यांच्याशी बोललेली नाही. बहिणी बहिणी लग्नाकार्यात भेटत, एकमेकींचं सुखदुःख बोलत, पण कौसल्येनं त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. गेल्या वर्षी बायको गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कौसल्या आली, मागच्या रांगेत बसली आणि पाणीही न पिता निघून गेली.

"मी पट्ट्याले हात लावला नोता. तो आपल्या मनानं सरकला. पुलीचं भोक घासलं का पुली लचकते, पट्टा चालत चालत बाजूच्या पुलीवर जाते. हे मिस्त्री लोकाईले माहीत हाये, दुसऱ्या कोनाले सांगतलं तं हसतेत. मले तिले दाखवाचं हाये. एक डाव तिनं डोयानं पाहिलं पाह्यजे, का कोनी हात न लावता जिन चालू होते. मंग मी मेलो तरी हरकत नाई."

आता सांगा. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की यंत्र बिघडू नये म्हणून काय करायचं. आणि हे गृहस्थ म्हणतात, बिघडेल असं करून द्या. तेही बिघडायला पाहिजे ठरल्या जागी आणि ठरल्या पद्धतीनं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी तो कागद पुन्हा घडी घालायला घेतला, आणि मी म्हटलं, राहू द्या तो इथेच.

सगळं उचकलं. उभ्या दांड्या काढल्या, तळघरातल्या शाफ्टवर चाकं घातली, वर प्रत्येक जिनीला दोन-दोन. ठोकळ्यांच्या दुनियेत हे सोपं पडतं. दांडी टोकाकडून पाहिली तर अधिकच्या चिन्हासारखी असते. ज्या चाकाचं भोक तसंच असतं ते दांडीबरोबर फिरतं, ज्याचं भोक गोल ते मोकळं फिरतं. पट्ट्यासाठी रबर वापरून पाहिलं, ते ओढून धरतं. शेवटी पायजम्याची सुती नाडी कापून शिवली, ती बरोबर बसली. नाडी धरायला बारका दांडा आणि त्याला खाच केली.

नाडी मोकळ्या चाकावर ठेवली, मोटर लावली. अर्धा तास झाला, तास झाला, नाडी जागची हलेना. प्रल्हादराव दर मंगळवारी दिग्रसहून यायचे, स्टुलावर बसून नाडीकडे डोळे लावायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे.

"आजबी नाई सरकला," जाताना म्हणायचे.

"अहो, काम चोख झालंय म्हणून नाही सरकत."

"हाव, तेच तं चुकून राह्यलं तुमचं."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला चोख काम करते म्हणून बोलणी खावी लागत होती. मग मी कानस घेतली आणि मोकळ्या चाकाचं भोक घासून मोठं केलं. आपल्याच हातानं चांगलं चाक नासवायचं म्हणजे काय वाटतं ते ज्यानं यंत्रावर काम केलं आहे त्यालाच कळेल. दांड्याची खाचही सैल केली. आणि नाडी सरकली. दोन मिनिटांत चालत चालत घट्ट चाकावर गेली, चार नंबरचे रूळ फिरायला लागले. प्रल्हादराव स्टुलावरून उठले. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा सरकली. दहा वेळा लावली, दहाही वेळा दोन-तीन मिनिटांत सरकली.

आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. शिक्षकी खोड, काय करणार. मी म्हटलं, "प्रल्हादराव, भोक तर एका दिवसात घासलं जात नाही. महिनोन् महिने पुली तशीच असणार. ही नाडी दर वेळी सरकतेय. मग तुमचा पट्टा नेमका त्याच दिवशी का सरकला? रोज का नाही?"

ते एकदम भडकले. "तुमीबी चौकशीवाल्या साहेबासारख्याच झाल्या का? ते मले माहीत असतं तं तुमच्याकडे कायले आलो असतो? पस्तीस वर्षं झाले मी हेच इचारून राह्यलो सोताले."

पिशवी उचलून निघून गेले. पुढचा मंगळवार कोरडा गेला. मी तेवढ्यात खाच घट्ट केली, तर नाडी सरकेना. सैल केली, की लगेच सरकते. मधलं काही जमेना. रोज नीट राहील आणि एखाद्या दिवशीच सरकेल असं यंत्र करणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं, आणि हे कबूल करायला मला फार जड गेलं. त्यापुढच्या मंगळवारी ते पुन्हा स्टुलावर हजर. रागाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. म्हणाले, "जसं हाये तसंच घेऊन जाऊ. सरकते एवढं दिसलं तरी पुरे."

कौसल्याबाई उमरखेडला असतात. सुनेबरोबर पिठाची चक्की चालवतात. फोन मी केला, कारण प्रल्हादरावांचं नाव ऐकून त्यांनी ठेवून दिला असता. मी सगळं सांगितलं. पलीकडे चक्कीची घरघर चालूच होती. मग म्हणाल्या, "दुपारी या. दुपारी बंद असते."

मॉडेल मांडीवर घेऊन एसटीनं यवतमाळ ते उमरखेड जायचं म्हणजे काय हे कोणाला सांगू. कंडक्टर म्हणाला, खोकं वर टाका. मी म्हटलं, वर टाकायचं तर मलाही टाका. दिग्रसला प्रल्हादराव चढले आणि निम्मं खोकं त्यांनी मांडीवर घेतलं. प्रत्येक गतिरोधकाला आत काहीतरी टक् करून निखळायचं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. पुसदच्या स्थानकावर मी खोकं उघडून बोटानं चाचपलं तर तीन जिनी आडव्या पडलेल्या. गाडी सुटेपर्यंत उभ्या केल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, नातवाचं खेळणं का? मी हो म्हटलं. समजावायला माझ्यात त्राण नव्हतं.

चक्कीच्या खोलीत सगळीकडे पिठाचा पातळ थर. कौसल्याबाई साठीच्या, ठसठशीत, डोक्याला रुमाल बांधलेला. मला स्टूल दिलं. प्रल्हादरावांकडे न बघता मला म्हणाल्या, "मॅडम, यायले बसाले सांगा." ते पोत्यावर बसले. पुढची दहा मिनिटं मी दोघांमधली टपालवाली होते. यायले इचारा, चहा घेतेत का. तिले सांगा, नको. मी आधीच प्रवासानं वैतागलेली. शेवटी मी म्हटलं, चहा मला द्या आणि मला मशीन लावू द्या.

छप्पर काढून मॉडेल फरशीवर ठेवलं. कौसल्याबाई खाली वाकल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. ज्या बाईची रोजची भाकर चक्कीच्या पट्ट्यावर आहे ती बघते तशा त्या बघत होत्या. "चार नंबर खिडकीजवळ. बरोबर हाये," म्हणाल्या. "पट्ट्याले नाडी लावली काय? हुशार हाये मॅडम तुमी." सहा महिन्यांत मला मिळालेलं हे पहिलं कौतुक.

मी मोटर लावली. पाच जिनी सुरू, चार नंबर उभी. दोन मिनिटं गेली असतील. नाडी कडेला आली, दांड्याला ढकलत शेजारच्या चाकावर चढली आणि चार नंबरचे रूळ फिरायला लागले. प्रल्हादरावांनी दोन्ही हात वर धरले होते, आपण हात लावला नाही हे दिसावं म्हणून.

"पाह्यलं?" त्यांचा आवाज फाटला. "कोनी हात लावला काय? मी तवाबी नोता लावला."

कौसल्याबाई रुळांकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "यायले सांगा, पट्टा सरकते हे मले दाखवाची गरज नोती. साऱ्या बायाईले माहीत होतं."

"काय?" हे मी म्हणाले.

"रोज सरके. सरकू नाई म्हून तं आमी काडी खोचत होतो. पऱ्हाटीची." पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळकं झाड. फॅक्टरीत त्याच्या काटक्या कापसाबरोबर येतच. "मिस्त्री जिन थांबवून पुढे गेले का आमी त्या दांड्याच्या खाचेत काडी दाबून देवो, आन् मंग हात घालो. दांडा आवळला का पट्टा कुठी जाते? साऱ्या जिनीपाशी खोचून ठेवल्या राहत काड्या."

सहा महिने. सहा महिने मी कानस, नाडी आणि खाच घेऊन ज्या प्रश्नाशी डोकं फोडत होते, त्याचं उत्तर बोटभर काडी होतं. आणि ते एका फोनवर मिळालं असतं. जिनीसमोर रोज उभी राहणारी बाई जिवंत आहे, उमरखेडला आहे, हे मला प्रल्हादरावांनी कौसल्येचं सांगितलं तेव्हापासून माहीत होतं. मला तिला विचारावंसं वाटलंच नाही. मशिनीचं विचारायचं तर मिस्त्रीला, हे माझ्याही डोक्यात इतकं पक्कं होतं. ज्या बाईनं वर्कशॉपमध्ये अर्धं आयुष्य बाई म्हणून टोमणे खाल्ले तिच्या डोक्यात. याची लाज मला आजही वाटते.

प्रल्हादराव पोत्यावरून खाली उतरून फरशीवर आले होते. "मंग त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी काडी काहून नोती?"

कौसल्याबाईंनी आता थेट त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी साहेब पाहनीले येनार होते, भाऊजी. सकायी तुमी सोता फिरून साऱ्या काड्या काढून फेकल्या. कचरा म्हून. मी पाहून राह्यलती. रुई अडकली तवा मी काडी धुंडाळली, नाई भेटली. मंग म्हनलं, दोन मिनटाचं काम हाये."

त्यांना आठवलं. आठवताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी इतक्या जवळून आधी पाहिलं नव्हतं. "टोपलंभर निंगाल्या होत्या," ते पुटपुटले. "मीच नेऊन टाकल्या. मले वाटलं बायाईनं असंच काहीतरी खोचून ठेवलं." मग म्हणाले, "मले कोनी सांगतलं काहून नाई?"

"दोन डाव आलतो सांगाले. मी आन् तीन नंबरची बाई. तुमी म्हनले, मशीनचं मले शिकवू नका."

"आन् चौकशीत? तवा तं सांगतलं असतं."

"तुमची नोकरी गेली असती. सुमी पोटुशी होती." त्यांनी अंगठा आणि एकच बोट उरलेला हात पदरानं पुसला. "सुमीलेबी सांगतलं नाई कधी. तिले संसार कराचा होता तुमच्यासंगं. पन मले तुमच्या तोंडाकडे पाहवत नोतं, एवढं खरं. लोकं म्हनत मिस्त्रीनं पट्टा टाकला, आन् तुमी साऱ्याईले सांगत फिरा का मी निर्दोष हावो. मी आयकून घेवो."

मॉडेलमध्ये चार नंबर फिरतच होती. मी बटणाकडे हात नेला तर प्रल्हादरावांनी मानेनं नाही म्हटलं. जो डाग पुसायला ते पस्तीस वर्षं झटले तो पुसला गेला होता, आणि त्याच जागेवर दुसरा, खरा, समोर आला होता. मला वाटलं ते उठून जातील. काहीतरी बोलून स्वतःला सोडवतील. पुरुषमाणसाला ते जमतं, मी खूप पाहिलं आहे.

ते उठले, पण दाराकडे गेले नाहीत. मग कोपऱ्यातल्या खराट्यातून त्यांनी एक काडी ओढली. तिचा नखाएवढा तुकडा मोडला. नाडी परत मोकळ्या चाकावर सरकवली, जिन थांबवली, आणि तो तुकडा तळहातावर ठेवून कौसल्याबाईंपुढे धरला.

"कोन्या बाजूनं खोचत होत्या तुमी?"

कौसल्याबाई पुढे सरकल्या. मग अंगठ्यानं आणि उरलेल्या बोटानं त्यांनी काडी उचलली.

"खालून वरते. वरून खोचली तं निसटते," म्हणाल्या, आणि दांड्याच्या खाचेत ती दाबून दिली.

मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. आम्ही तिघं फरशीवर वाकून नाडीकडे बघत होतो. बाकीच्या पाच जिनी फिरत होत्या आणि चार नंबरची उभी होती.